ताठ बसणे म्हणजे नीट बसणे नव्हे

शरीरठेवण (उठता-बसता हाडे, सांधे आणि स्नायूंची होणारी मांडणी) सुधारायची म्हणजे छाती काढून, खांदे मागे ओढून बसायचे, असा समज घरोघरी आहे. पण तसे बसताना पाठीचे स्नायू सतत आवळलेले राहतात; ते थकले की पुन्हा पोक येतेच. कोल्हापूरकरांना याचा दाखला खासबाग मैदानात मिळेल. पवित्र्यातला पैलवान गुडघे किंचित वाकवून, भार या पायावरून त्या पायावर नेत असतो. अंग आखडलेल्याला चीत करणे सोपे. चांगली ठेवणही अशीच, सतत सावरणारी. मान, खांदे, कंबर सावकाश हलवली की कोणता स्नायू विनाकारण ओढलेला आहे, हे स्थितिसंवेदनेला (डोळे मिटूनही अवयव कुठे आहेत हे कळण्याची क्षमता) टिपता येते.

घाम न गाळता काय होणार, असे तालमींच्या या गावात कोणी विचारेलच. शंका निम्मी रास्त आहे: संथ हालचालींनी ताकद फारशी वाढत नाही, त्यासाठी जोर-बैठका हव्यातच. मात्र आवळलेपण जोर लावून सुटत नाही. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या यांच्या आधाराने आसने शिकवत. आधार असला की तोल जाण्याच्या धास्तीने अंग आखडत नाही. हातापायांना मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.