इंग्रजीच्या प्रारंभिक अध्ययनात कृत्रिम बुद्धिमत्ता

इंग्रजीच्या प्रारंभिक अध्ययनात कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या व्यक्तीला ऐकणे, बोलणे, वाचणे व लिहिणे यांचा सराव देण्यासाठी आवाज ओळखणाऱ्या, मजकूर वाचून दाखवणाऱ्या, भाषांतर करणाऱ्या आणि संवाद साधणाऱ्या संगणकीय साधनांचा वापर होय. महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत या साधनांचे महत्त्व एका साध्या उणिवेतून निर्माण झाले आहे. मुलाजवळ इंग्रजीचे पुस्तक असते. परंतु त्याचे इंग्रजी ऐकून घेणारा माणूस वर्गाबाहेर क्वचितच भेटतो.

पार्श्वभूमी

रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली, महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू झाला. त्यापूर्वी मराठी माध्यमातील विद्यार्थ्याची इंग्रजीशी ओळख पाचवीत होत असे. विषय लवकर सुरू झाला, तरी सरावाचा प्रश्न सुटला नाही. ‘असर’ २०२२ या सर्वेक्षणानुसार भारताच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी २४.५ टक्के मुलांना इंग्रजीतील सोपी वाक्ये वाचता येत होती. २०१६ मध्ये हे प्रमाण २४.७ टक्के होते. मधल्या सहा वर्षांत गावोगावी मोबाइल पोहोचले. हा आकडा मात्र जागचा हलला नाही.

नागपूर जिल्ह्यातील कुही तालुक्यासारख्या भागात ही उणीव स्पष्टपणे समजून घेता येते. तालुक्याच्या पूर्वेला वैनगंगा आणि पलीकडे भंडारा जिल्हा आहे. येथील दैनंदिन व्यवहार नागपुरी वळणाच्या वऱ्हाडीत आणि झाडीबोलीला जवळच्या बोलीत चालतो. शाळेत प्रमाण मराठी शिकणाऱ्या अशा मुलासाठी इंग्रजी ही भाषेची तिसरी पायरी ठरते, दुसरी नव्हे. द्विशिक्षकी शाळेत एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाला प्रत्येक मुलाचे वाचन रोज ऐकणे शक्य होत नाही.

विदर्भातील प्रयोग

अमरावती जिल्ह्यातील वरूड येथील जिल्हा परिषद शाळेत एका शिक्षकाने ॲमेझॉनचे ‘अलेक्सा’ हे आवाजावर चालणारे उपकरण कापडदुकानात असतो तशा पुतळ्यात बसवले. मुले त्या पुतळ्याला इंग्रजीतून प्रश्न विचारू लागली. प्रश्न नीट उच्चारला नाही, तर उत्तर मिळत नसे. म्हणून मूल तो पुन्हा विचारी. या प्रयोगाचे खरे मूल्य उपकरणाच्या ज्ञानात नव्हे, तर या पुन्हा विचारण्यात होते. चुकल्यावर कोणी हसत नाही, हे कळले की मूल दहाव्यांदाही तेच वाक्य म्हणते.

नागपूर जिल्ह्यात हिंगणा तालुक्यातील वडधामना येथे जुलै २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित अंगणवाडी सुरू झाली. तिचा उद्देश केवळ इंग्रजी हा नसून एकूण बालशिक्षण हा आहे.

मोठ्याने वाचण्याचा सराव

गूगलने २०१९ मध्ये भारतात ‘बोलो’ हे वाचनसराव ॲप आणले. पुढील वर्षी ते ‘रीड अलाँग’ या नावाने इतर देशांत गेले आणि मराठीसह नऊ भाषांत उपलब्ध झाले. ‘दिया’ नावाचे पात्र मुलाचे वाचन ऐके, अडलेला शब्द उच्चारून दाखवी आणि बरोबर वाचल्यास शाबासकी देई. गोष्टी एकदा उतरवून घेतल्यावर ॲप इंटरनेटशिवाय चाले आणि आवाजाचे विश्लेषण फोनमध्येच होई. उत्तर प्रदेशातील सुमारे २०० गावांत झालेल्या प्राथमिक चाचणीत तीन महिन्यांत ६४ टक्के मुलांच्या वाचनात सुधारणा दिसल्याचे कंपनीने जाहीर केले होते.

ऐकण्यातील दोष

अशा साधनांची सर्वांत कच्ची बाजू म्हणजे त्यांचे कान. आवाज ओळखणाऱ्या प्रणाली मुख्यतः प्रौढांच्या ध्वनिमुद्रणांवर घडवल्या जातात. लहान मुलांचे बोलणे त्यांना कमी अचूक कळते. भारतीय वळणाच्या इंग्रजीची परीक्षा घेण्यासाठी मद्रास आयआयटीतील ‘एआय४भारत’ या गटाने २०२३ मध्ये ‘स्वरह’ हा संच तयार केला. त्यात देशातील ६५ ठिकाणच्या ११७ वक्त्यांचे ९.६ तासांचे बोलणे आहे.

मराठी मुलाच्या बाबतीत काही अडचणी ठरावीक असतात. झाडीबोलीत ‘श’च्या जागी ‘स’ येतो. त्यामुळे घरच्या बोलीची सवय असलेल्या मुलाचे ‘शी’ हे सर्वनाम यंत्राला ‘सी’ असे ऐकू येऊ शकते. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतील फरक अवघड जातो, कारण बोलण्यातील मराठीत ऱ्हस्व-दीर्घामुळे सहसा अर्थ बदलत नाही. इंग्रजीतील ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ हे दोन ध्वनी मराठीत एकाच ‘व’मध्ये मिसळतात. येथे शिक्षकाला निवाडा करावा लागतो: अर्थ बदलणारी चूक दुरुस्त करावी, नुसते वेगळे वळण असेल तर सोडून द्यावे. यंत्र हा भेद नेहमी करत नाही. ते बरोबर वाचणाऱ्यालाही चूक ठरवते आणि मूल स्वतःवरच शंका घेऊ लागते.

भाषांतर आणि मराठीचा आधार

गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी २०१३ पासून उपलब्ध आहे. नवशिक्याला शब्दाचा अर्थ मराठीत लगेच मिळणे उपयुक्त असते. वाक्याबाबत मात्र सावधगिरी लागते. आदरार्थी बहुवचनामुळे ‘ते आले’ या सुट्या वाक्याचे इंग्रजी ‘ही केम’ करावे की ‘दे केम’, हे यंत्राला कळत नाही. उलट दिशेने ‘आय वेंट’चे ‘मी गेलो’ की ‘मी गेले’ हेही त्याला अंदाजानेच ठरवावे लागते. मुलीला ‘मी गेलो’ असे उत्तर मिळाले, तर हीच चूक वर्गात दोन्ही भाषांच्या व्याकरणाचा चांगला पाठ होऊ शकते.

चॅटबॉट आणि वयाची अट

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी उपलब्ध झाल्यानंतर लेखी सरावाचे स्वरूप बदलले. नवशिक्याने लिहिलेली पाच वाक्ये तपासून चुकांचे कारण मराठीत विचारता येते. तोच चॅटबॉट संपूर्ण निबंधही लिहून देतो आणि तेथे सराव संपतो. चॅटजीपीटीच्या अटींनुसार वापरकर्ता किमान १३ वर्षांचा असावा लागतो. युनेस्कोच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेनेही हीच किमान वयोमर्यादा सुचवली. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे.

त्यामुळे प्राथमिक वर्गांत चॅटबॉट शिक्षकाच्या हाती राहणेच योग्य ठरते. मुलांना आधीच माहीत असलेले तीस-चाळीस इंग्रजी शब्द देऊन, तेवढ्याच शब्दांत आंभोऱ्याच्या संगमावर किंवा मिरचीच्या शेतावर सहा ओळींचा वाचनपाठ त्याच्याकडून तयार करून घेता येतो. सूचना मोघम असल्यास पाठात बर्फ आणि सफरचंदे येतात. स्थानिक तपशील विचारल्यास तो नदीचे नाव बेधडक चुकवतो. म्हणून छापण्यापूर्वी प्रत्येक ओळ शिक्षकाने वाचून पाहावी लागते.