पहारा बदलतो, नाम चालू राहते

खानदेशातल्या माणसाला सुरत फारशी परकी वाटत नाही. मुलताईला उगम पावणारी तापी भुसावळ, जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शिवारांतून वाहत ७२४ किलोमीटरचा प्रवास करते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिच्याच खोऱ्यातून १९०० च्या सुमारास रेल्वे आली, आणि अमळनेर-नंदुरबारचा माणूस एका गाडीने सुरतेत पोहोचू लागला. पुढे सुरतेत यंत्रमाग वाढले. इकडे कोरडवाहू शेतीचा भरवसा राहिला नव्हता. मग गावेच्या गावे याच वाटेने पोटासाठी उतरली. उधना, लिंबायत, पांडेसरा आणि नवागाम-डिंडोली हे त्यांचे मुक्काम. नवागामच्या गल्ल्यांत आजही घरात अहिराणी ऐकू येते, दुकानात गुजराती आणि मागावर हिंदी. अखंड हरिनाम सप्ताहाचा मंडप पडला, की तिथे ज्ञानोबांची मराठी सुरू होते.

अशा एका सप्ताहात सहभागी होण्याचा योग मला आला. साधक आणि उपदेशक एकत्र येण्याच्या अनेक परंपरा आपल्या देशात आहेत. मठात दीक्षा लागते, शिबिराला नोंदणी लागते. सप्ताहाला यांतले काहीच लागत नाही. चौकात मंडप, विठ्ठल-रखुमाईची तसबीर, टाळ-मृदंग आणि एक वीणा एवढ्या सामग्रीवर सात दिवसांचे गुरुकुल उभे राहते.

पहाटे चारच्या सुमारास काकडा सुरू होतो. त्यानंतर विष्णुसहस्रनाम आणि मग ज्ञानेश्वरीचे पारायण. १२९० साली नेवाशात सिद्ध झालेल्या या ग्रंथात नऊ हजारांवर ओव्या आहेत. सात दिवसांत अठरा अध्याय पुरे करायचे म्हणजे रोज बाराशे-तेराशे ओव्या वाचाव्या लागतात. व्यासपीठावरचे महाराज पुढे वाचतात आणि समोर रांगेने बसलेले वाचक त्यांच्या सुरात सूर मिळवतात. वाचकांत बायांची संख्या मोठी असते. घरचा स्वयंपाक पहाटेच उरकून त्या पोथी मांडून बसतात. ज्यांना अक्षरओळख बेताची आहे, त्यांनाही कानावर पडून पडून पुढची ओवी कळते. दुपारी गाथेवरचे भजन, चारच्या पुढे प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन. कीर्तनानंतर जागर. तो संपेपर्यंत पुन्हा काकड्याची वेळ झालेली असते.

या सगळ्याला सांधणारी गोष्ट म्हणजे वीणा. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी ती एकाच्या गळ्यात पडते, आणि समाप्तीपर्यंत जमिनीवर ठेवली जात नाही. दिवसरात्र कोणी ना कोणी ती घेऊन उभा असतो आणि मुखाने नाम चालू असते. यालाच पहारा म्हणतात. पहाऱ्यांची वाटणी आधीच झालेली असते. वेळ संपली की पुढचा माणूस येतो, विणेकऱ्याच्या पाया पडतो, विणेकरीही त्याच्या पाया पडतो आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते.

नवागामात हा पहारा मला विशेष उमगला, कारण इथल्या माणसाचे आयुष्यच पाळ्यांवर बेतलेले आहे. यंत्रमाग थांबत नाहीत. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत ते रात्रंदिवस चालतात. खडखडाटात उभे राहून तुटलेले धागे जोडणाऱ्या माणसाला सप्ताहात आणखी दोन तास उभे राहायला कोण सांगतो? कोणीच नाही. तरीही यादी करताना एक गृहस्थ पुढे येऊन म्हणाले, ‘‘माले रातपाळी शे, पन दुपारना दोन तास वीणा मीच लेसू.’’ मागावरची पाळी पोटासाठी असते. ही पाळी त्यांनी स्वतः मागून घेतली होती. अखंड नाम एका माणसाच्या तपाने होत नाही. थकलेल्या अनेक माणसांनी आपापला वाटा वेळेवर उचलला, की ते अखंड होते. सप्ताहाचे सारे तत्त्वज्ञान मला या यादीत दिसले.

आता उपदेशकांविषयी. वारकरी कीर्तनकाराला मोकळे सुटायची मुभा नसते. निरूपणाला एकच अभंग घ्यायचा, त्याचे चरण उलगडायचे आणि प्रत्येक विधानाला संतांचे प्रमाण द्यायचे. मागे दोन्ही बाजूंना टाळकरी उभे असतात. त्यांच्यापैकी अनेकांना गाथा पाठ असते, त्यामुळे प्रमाण चुकले तर ते लगेच ओळखू येते. ही शिस्त टिकवण्याचे मोठे श्रेय आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेला जाते. विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये ती स्थापन केली. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी संतवाङ्मय शिकतात आणि माधुकरी मागून राहण्याची परंपराही तिथलीच. सोनोपंत दांडेकरांसारखा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक आणि खेड्यातला शेतकरी या एकाच परंपरेत घडले. आज नवागामसारख्या वस्तीत येणारे कीर्तनकार अनेकदा आळंदीत शिकलेले असतात, आणि मृदंग वाजवणारी पोरेही तिथे जाऊन आलेली असतात.

तरी इथे गुरू वर आणि शिष्य खाली अशी उतरंड नसते. कीर्तनकार उभा राहण्याआधी विणेकऱ्याच्या पाया पडतो. कीर्तन संपल्यावर मंडपातला म्हातारा त्याच्या पाया पडतो आणि तोही म्हाताऱ्याच्या. सगळे एकमेकांना ‘माउली’ म्हणतात. ही समता खानदेशाला नवी नाही. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव हे गाव आहे. चौदाशे वर्षे जगल्याची ख्याती असलेल्या योगी चांगदेवांनी मुक्ताबाईला गुरू केले, असे परंपरा सांगते. वयाने लहान, तीही मुलगी. पण अधिकार तिचा, म्हणून शिकवायचेही तिनेच. १२९७ मध्ये तापीकाठच्या मेहूणला मुक्ताबाई अंतर्धान पावल्या असे मानतात. मुक्ताईनगरहून त्यांची पालखी दरवर्षी पंढरीला जाते. नवागामात हरिपाठाला बायांची रांग उभी राहते, मुली टाळ धरून पावली खेळतात, तेव्हा त्यामागे मुक्ताईचा हा अधिकार आहे असे मला वाटते.

सप्ताहाचा खर्च कसा भागतो, हेही पाहण्यासारखे आहे. रोजची पंगत एकेका कुटुंबाकडे असते. कोणी कीर्तनाची सेवा घेतो, कोणी मंडपाची, कोणी चहाची. ज्याला पैसे जमत नाहीत तो भांडी घासायला उभा राहतो. समाप्तीच्या दिवशी काल्याचे कीर्तन होते, दहीहंडी फुटते आणि वरण-बट्टीची पंगत बसते. सोबत वांग्याची घोटलेली भाजी. गहू-मक्याच्या जाडसर पिठाची ती बट्टी वरणात चुरून खाताना कारखान्याचा मालक आणि त्याच्याकडे काम करणारा कारागीर एकाच पट्टीवर बसतात.

एक काळजी मात्र मनापासून मांडतो. जिथे कीर्तन करावे तिथले अन्नही घेऊ नये, अशी तुकोबांची शिकवण आहे. आज काही ठिकाणी मानधनाचे आकडे एवढे वाढले आहेत, की छोट्या वस्तीला नामांकित महाराज परवडत नाहीत. गर्दी खेचण्यासाठी विनोद वाढतो आणि अभंग मागे पडतो. प्रवास करून येणाऱ्या कीर्तनकाराची व्यवस्था झालीच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण सप्ताह नावांच्या मोठेपणावर उभा राहू लागला, तर पहाऱ्याला येणारा माणूस प्रेक्षक होईल. आपल्या वस्तीतले अभ्यासक, आपल्या गल्लीतल्या महिला मंडळाच्या प्रवचनकार यांना एक-दोन दिवस हक्काने द्यावेत. परंपरेचा मूळ बाणा तोच आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, तरी नवागामातली पुष्कळ मुले गुजराती, हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठीची पुस्तके त्यांच्या हाती क्वचित पडतात. आजीशेजारी बसून ज्ञानेश्वरीची ओवी वाचणारे पोर मात्र सातशे वर्षांपूर्वीची मराठी सहज उच्चारते. त्याला अर्थ सगळा कळत नसेल, पण जिभेला वळण लागते. पारायणानंतर अर्धा तास मुलांसाठी ओवीचा अर्थ सांगायला ठेवला, तर या वळणातून वाचक घडतील.

म्हणून नवागामच्या आणि सुरतेतल्या सगळ्याच सप्ताह मंडळांना माझी विनंती आहे: जुन्या पत्रिका फेकू नका. त्या पत्रिकांत कोणत्या गावची मंडळी कधी आली, कोणी कीर्तन केले, कोणत्या कुटुंबाने पंगत दिली, हे छापलेले असते. खानदेशातून सुरतेला आलेल्या श्रमिकांचा एवढा प्रामाणिक इतिहास अन्यत्र मिळणे कठीण. ज्येष्ठांच्या आठवणी त्यांच्याच अहिराणीत ध्वनिमुद्रित करा, पत्रिका क्रमाने लावा, महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांकडे ते काम द्या. आणि सप्ताहाच्या दिवसांत तुम्ही सुरतेला असाल, तर नवागामच्या मंडपात जरूर जा. बोलावणे लागत नाही. दोन तासांचा पहारा मागा. यादीत तुमच्यासाठी जागा काढली जाईल.