वेल लावण्याआधी हवा पाहा

परवा कोकणातला आमचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. म्हणाला, "गुरुजी, नाशिकला वाइनची द्राक्षं होतात. माझी दोन एकर जमीन आहे, विहिरीला पाणी आहे. कर्ज काढून लावू का?"

आम्ही विचारलं, "जमीन पाहिलीस, पाणी पाहिलंस. हवा पाहिलीस का?"

मंडळी, वाइन म्हणजे आंबवलेला द्राक्षरस. रसातल्या साखरेचं मद्य होतं. म्हणून मणी गोड हवा. पण त्यात थोडी आंबट चवही हवी, नाहीतर वाइन मिळमिळीत लागते. गोडी येते दिवसाच्या उन्हाने. आंबटपणा टिकतो रात्रीच्या गारव्याने. रात्री उष्ण असल्या की तो लवकर सरतो.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. हिवाळ्यात तिथे दिवसा स्वच्छ ऊन पडतं आणि रात्री थंडी असते. त्या कोरड्या हवेत घड भरतात. जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी होते. राजीव सामंत यांनी १९९७ साली तिथे वाइनच्या जाती लावल्या आणि २००० साली त्यांची वाइन बाजारात आली.

या जाती मूळच्या फ्रान्सकडच्या. तिथे हिवाळा कडक. वेलीची पानं गळतात आणि ती झोपी जाते. वसंतात जागी होते, पावसाळा संपता संपता आपल्याकडे पितृपक्ष येतो त्या सुमारास तिथे द्राक्षं तोडतात. नाशिकची वेल अशी झोपत नाही. म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलच्या छाटणीने काडी तयार होते. ऑक्टोबरच्या छाटणीने घड येतो. थंडीचं काम तिथे कात्री करते!

आता कोकण पाहा. हवा दमट, पाऊस भरपूर, हिवाळ्यातली रात्रही उबदार. ओल्या पानावर केवडा रोग पडतो, घड कुजतात. औषधं फवारून खर्च वाढतो आणि कर्ज मात्र डोक्यावर राहतं.

चांगल्या मुलखातही धोका टळत नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये फ्रान्समध्ये कोवळे कोंब हिमाने जळाले. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये नाशिक भागात गारपिटीने बागा झोडपल्या. मग जिथे हवाच साथ देत नाही, तिथे काय होईल?

आम्ही त्याला सांगितलं, "बाबा, खत विकत मिळतं, पाणी खेचून आणता येतं. गार रात्र कुठून आणशील? आंबा, काजू ही तुझ्या हवेची पिकं. ती नीट कर."

तुम्हीही नवं पीक घेण्याआधी एक वही करा. पाऊस कधी पडला, धुकं कधी आलं, थंडी किती दिवस टिकली, ते वर्षभर लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येतं. ती वही वाचा आणि मगच कर्जाच्या कागदावर सही करा.