आकडा ९७, मग दम का लागतो?

एप्रिल २०२१मध्ये, कोरोनाच्या लाटेत, नागपुरात मेडिकल आणि मेयो या रुग्णालयांच्या खाटा भरल्या आणि घरीच उपचार घेणाऱ्यांच्या उशाशी ऑक्सिमीटर आला. ऑक्सिजन ९४च्या खाली गेला की दवाखाना गाठायचा, हे सूत्र तेव्हा लहान पोरांनाही पाठ होतं. लाट ओसरली, सूत्र राहिलं. आता धाप लागली, छातीत धडधडलं, चक्कर आली की टीव्हीखालच्या ड्रॉवरमधून तो चिमटा निघतो आणि '९७ आहे, काही नाही' असा निकाल लागतो.

असा निकाल त्या यंत्राला देताच येत नाही. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४मध्ये मांडलेलं त्याचं तत्त्व साधं आहे. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून आरपार जातात. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश जास्त शोषतं, ऑक्सिजन सोडलेलं लाल. त्यावरून कळतं ते इतकंच, की हिमोग्लोबिन किती टक्के भरलेलं आहे. मुळात ते आहे किती, याचा यंत्राला पत्ता नसतो. हिमोग्लोबिन १२ असलेल्या बाईचा आकडा ९८ येईल आणि ६ असलेल्या बाईचाही ९८च. दुसरीच्या रक्तात ऑक्सिजन मात्र निम्माच. जिना चढताना तिला दम लागणारच, आणि घरचे म्हणणार, 'नाटकं करते.'

विदर्भात हे जास्त लक्षात ठेवायला हवं, कारण हा सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा पट्टा. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८मध्येच 'लॅन्सेट'मध्ये त्याबद्दल लिहिलं होतं. सिकलसेलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन लवकर सोडतं. त्यामुळे काहींचा आकडा बरं असतानाही इतरांपेक्षा कमी असतो, शिवाय यंत्राचा आकडा आणि रक्ततपासणीतला आकडा यांत फरक पडू शकतो, कधी वर तर कधी खाली. अशा रुग्णाचा तब्येत ठीक असतानाचा आकडा फाइलवर लिहून ठेवावा. आणि ताप, छातीत दुखणं, धाप हे एकत्र आलं, तर आकडा कितीही असो, थेट दवाखाना.

आकडा हमखास फसवतो तो थंडीत. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, बोटं गार पडतात आणि यंत्राला नाडीच नीट सापडत नाही. गडद नेलपॉलिश, काळी मेंदी, हलणारा हात यांनीही घोळ होतो. पाच मिनिटं बसावं, हात चोळून गरम करावेत आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबावं. चांगल्या यंत्रातही दोन-तीन टक्क्यांचा फरक धरूनच चालायचं, म्हणून ९६चे ९५ झाले यावर रात्र जागवण्यात अर्थ नाही. उलट ९७वरून ९३वर आलेला आणि तिथेच रेंगाळणारा आकडा हलक्यात घेऊ नये. त्वचा सावळी-काळी असेल तर यंत्र आकडा थोडा फुगवून दाखवू शकतं, हे २०२०मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात ठळकपणे पुढे आलं. आपल्याकडे त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही.

थंडीतच बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात. तिचा कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटतो आणि यंत्राला तो ऑक्सिजनच वाटतो. माणूस गुदमरत असतो, पडद्यावर ९९. डोकं दुखून मळमळायला लागलं तर बोट तपासत बसू नये, आधी सगळ्यांनी मोकळ्या हवेत यावं.

आता हृदयाची लय. ऑक्सिमीटरवरचा दुसरा आकडा नाडीचे ठोके सांगतो, ते नियमित पडतात की नाही ते सांगत नाही. मिनिटाला ७८ ठोके विस्कळीतही असू शकतात. एट्रियल फिब्रिलेशन या लय बिघडण्याच्या विकारात तर काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, म्हणून साठीनंतर अधूनमधून तीन बोटं मनगटावर ठेवून पूर्ण मिनिट नाडी बघावी. ती वेडीवाकडी लागली तर ईसीजी काढावा. बीपीच्या यंत्रावर अनियमित ठोक्यांची खूण वारंवार उमटली तरीही तेच.

ईसीजी काढणारी घड्याळं याकामी खरंच उपयोगी आहेत, पण हार्ट अटॅक ओळखायला नाहीत. त्यांच्याकडे हृदयाकडे बघण्याची एकच बाजू असते, दवाखान्यातल्या ईसीजीत बारा. छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असं असताना घड्याळ 'लय सामान्य' म्हणालं तरी १०८ला फोन करावा. मुलाच्या गाडीची वाट बघू नये आणि ॲसिडिटीची गोळी घेऊन सकाळपर्यंत तर मुळीच थांबू नये.