पात्यांमागचा वारा : सातारा-सांगलीच्या पठारांवरील पवनचक्क्या

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी आणि वनकुसवडे येथील सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरील पठारांवर, विसाव्या शतकाच्या अखेरीस पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या, आणि पुढे सांगली जिल्ह्यातील ढालगावच्या पठारापर्यंत त्या पोचल्या. या काळात वारा किती वाहतो याची चर्चा पुष्कळ झाली. परंतु एका चक्कीतून गेलेला वारा मागच्या चक्कीपर्यंत कोणत्या अवस्थेत पोचतो, हा प्रश्नही तितकाच मोलाचा होता.

फिरत्या पात्यांच्या टोकांपासून मळसूत्रासारखे भोवरे सुटतात. पात्यांच्या चक्राच्या काही व्यासांइतक्या अंतरात ते परस्परांच्या ओढीने डळमळतात, फुटतात आणि त्यांतून संक्षोभ, म्हणजे लहानमोठ्या भोवऱ्यांची अनियमित गती, उरते. मोठे भोवरे आपली ऊर्जा लहानांकडे आणि लहान आणखी लहानांकडे सोपवतात, हे चित्र हवामानशास्त्रज्ञ रिचर्डसन यांनी 1922 मध्ये मांडले व गणितज्ञ कोल्मोगोरोव्ह यांनी 1941 मध्ये त्याला गणिती रूप दिले. भोवरे सुमारे मिलिमीटरभर आकाराचे झाल्यावरच हवेची श्यानता, म्हणजे तिच्या थरांमधील अंतर्गत घर्षण, त्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करते. चक्कीमागे मंदावलेल्या वाऱ्याच्या झोताला पुन्हा वेग मिळतो तो मात्र मोठ्या भोवऱ्यांनी आजूबाजूचा ताजा वारा आत ओढून घेतल्यामुळे.

डेन्मार्कमधील संशोधक येन्सेन यांच्या या झोताविषयीच्या 1983 च्या साध्या सूत्रात जमिनीवरील प्रचलित मूल्ये घातली, तर पाच व्यासांवर वेग सुमारे 18 टक्क्यांनी घटलेला दिसतो. आणि वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असल्याने मागच्या चक्कीला जवळपास 45 टक्के शक्ती कमी मिळते. चक्क्यांमध्ये पाच आणि सात व्यासांचे अंतर ठेवण्याच्या नियमामागील कारण हेच आहे.

सह्याद्रीच्या बाबतीत मात्र एवढ्यावर भागत नाही. कोकणातून चढणारा पावसाळी वारा कड्याच्या धारेवर जमिनीपासून सुटतो आणि स्वतःचेच भोवरे घेऊन सड्यावर येतो. हे भोवरे पात्यांना थकवतात, पण चक्कीमागचा मंद झोत लवकर भरूनही काढतात. याउलट निरभ्र रात्री, जमिनीलगतची हवा थंड आणि स्थिर असताना, तोच झोत दूरवर टिकतो. म्हणून संपूर्ण वर्षाची एकच सरासरी येथे फसवी ठरते.

अंतराचा हाच प्रश्न चक्क्या बदलतानाही उभा राहतो. जुन्या यंत्रांच्या जागी मोठी यंत्रे बसवण्याचे धोरण केंद्र सरकारने 2016 मध्ये आणले आणि 2023 मध्ये सुधारले. झोताचा ऱ्हास व्यासांत मोजला जात असल्याने, वनकुसवड्याच्या सुमारे 33 मीटर व्यासाच्या चक्कीमागे पाच व्यासांचे जे अंतर 165 मीटर होते, ते 120 मीटर व्यासाच्या चक्कीमागे 600 मीटर होते. त्यामुळे अरुंद सड्यावर जुन्या पायांच्या जागा नव्या रांगांना जशाच्या तशा उपयोगी पडत नाहीत.