रोजचा फडका आणि विसरलेली चाके

घरची गाडी : लेखांक ७

सकाळी सहा-साडेसहाला शहरातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोकावले तर एकच दृश्य दिसते. अर्धी बादली पाणी, त्यात बुडवून पिळलेला पिवळा फडका किंवा जुना बनियन, आणि त्या एका बादलीत ओळीने पंधरा-वीस गाड्या. बॉनेट, टप, दारे, काचा, डिकी, मिनिटा-दोन मिनिटांत गाडी लखलखीत, आणि लगेच पुढची. चाकांकडे बहुधा कोणी वळत नाही. वळलेच तर तोच फडका शेवटी त्यांच्यावरून फिरतो आणि पुन्हा त्याच बादलीत जातो. हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की यालाच आपण ‘गाडीची निगा’ म्हणतो. माझे म्हणणे बरोबर उलटे आहे. गाडीच्या रंगाला कमीत कमी हात लावावा आणि चाकांना आज देतो त्याच्या अनेकपट वेळ द्यावा. आपली मेहनत कमी पडत नाही, ती चुकीच्या जागी पडते.

आधी रंगाचे बघू. पत्र्यावर कारखान्यात जे थर चढतात त्यांत सर्वांत खाली गंजरोधक थर, मग प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळे मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला तर अख्खा रंग दोन केसांइतकाही जाड नाही. त्यातला क्लिअर कोट ४० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसापेक्षाही पातळ. गाडीची झळाळी याच थरात असते आणि उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्येही याच थरात असतात. जुन्या गाड्यांच्या टपावर, बॉनेटवर पांढरट पापुद्रे सुटलेले दिसतात ते हा थर संपल्यामुळे. चरे घालवायला पॉलिश करतात, म्हणजे प्रत्यक्षात चऱ्याच्या तळापर्यंत भोवतालचा क्लिअर कोट घासून खाली आणतात. मशिनने एकदा जोरकस पॉलिश केले की दोन-तीन मायक्रॉन जाऊ शकतात. ही ठेव कारखान्यात एकदाच भरली जाते; नंतर फक्त काढता येते.

आता या थरावर बसणारी धूळ कशाची असते ते पाहा. महाराष्ट्राच्या बऱ्याच मोठ्या भागात खाली काळा बेसाल्ट आहे. खडी त्याचीच आणि बांधकामाला नदीच्या वाळूऐवजी जी क्रश सँड वापरतात तीही त्याचीच. बेसाल्टमधली खनिजे कठीणपणाच्या मोजपट्टीवर सहाच्या आसपास येतात, वाळूतले क्वार्ट्झ सातवर आहे आणि चाकूचे पोलाद साडेपाचच्या आसपास. क्लिअर कोट हा प्लास्टिकच्या जातीचा पदार्थ, तो या सगळ्यांच्या बराच खाली. थोडक्यात, शेजारी इमारतीचे काम चालू असताना रात्रभर गाडीवर जे बसते ते चाकूच्या पात्याहून कठीण आहे, आणि सकाळी आपण ते फडक्याने दाबून सगळ्या अंगावर फिरवतो. वर्षातले ३०० दिवस धरले तर पाच वर्षांत हे दीड हजार वेळा होते.

याचा पुरावा प्रत्येकाला आपल्या गाडीवर पाहता येईल. रात्री बॉनेटपासून हातभर अंतरावर मोबाइलची बॅटरी धरा. गडद रंगाच्या गाडीवर त्या उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे दिसतील. पांढऱ्या गाडीवर ती दिसत नाहीत, पण असतात. ‘आम्ही तर सरळच पुसतो, गोल नाही’ असे यावर कोणी म्हणेल. तेही खरे असू शकते. चरे वाटेल त्या दिशेचे असतात, पण उजेडाच्या किरणाला आडवे जाणारे तेवढेच आपल्या डोळ्यांकडे चमकतात, आणि असे आडवे तुकडे दिव्याभोवती मिळून वर्तुळाचा भास होतो. दिवा हलवला की वर्तुळेही हलतात. तेव्हा हात गोल फिरवला की सरळ, याने फरक पडत नाही. धूळ आणि रंग यांच्यामध्ये पुरेसे पाणी आणि साबणाचा बुळबुळीतपणा होता की नाही, याने पडतो.

‘फडका ओला असतो की!’ ओला असतो, पण पिळलेला असतो. त्यातला ओलावा धूळ चिकटवायला पुरतो, उचलून वाहून न्यायला पुरत नाही. शिवाय दहाव्या गाडीपर्यंत बादलीत पाणी कमी आणि गाळ जास्त अशी स्थिती येते. झुपकेदार डस्टर त्यापेक्षा बरा, पण तोही धूळ गोळा करून तीच पुढे घासतो. कव्हर घालणाऱ्यांनीही फार निर्धास्त राहू नये; धुळीच्या गाडीवर घातलेले कव्हर वाऱ्याने हलते आणि फडक्याचेच काम रात्रभर करते. आणि ज्यांनी हजारो रुपये मोजून सिरॅमिक कोटिंग करून घेतले आहे त्यांना त्या ‘९एच’ या आकड्याचा अर्थ सांगायला हवा. हा आकडा पेन्सिलीच्या मोजपट्टीवरचा आहे: ठरावीक दाबाने ओढलेल्या ९एच पेन्सिलीने चरा पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. दगडांच्या मोजपट्टीवरच्या नऊशी, म्हणजे माणकाच्या कठीणपणाशी, त्याचा काही संबंध नाही. विकणारे मात्र तो असल्यासारखे बोलतात. या थराची जाडी बहुधा एक-दोन मायक्रॉन. पाणी त्यावरून पटकन ओघळते, घाण कमी चिकटते, धुणे सोपे जाते, हे त्याचे खरे गुण आहेत. पण वाळूपुढे ते चिलखत नव्हे.

सर्वांत वजनदार आक्षेप पाण्याचा आहे आणि तो टाळता येणार नाही. मार्च २०२४ मध्ये टंचाईच्या काळात बेंगळुरूच्या जलमंडळाने पिण्याचे पाणी गाड्या धुण्यासाठी वापरण्यावर बंदी घालून ५,००० रुपये दंड लावला. आपल्याकडेही एप्रिल-मेमध्ये टँकरच्या रांगा लागतात त्या सोसायट्यांत पाइप लावून गाडी धुणे शोभत नाही. नळाला लावलेला पाइप मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज सोडतो. वीस मिनिटे तो चालू राहिला की दोनशेच्या वर लिटर गेले. पण योग्य धुलाईला पाइप लागतच नाही. दोन बादल्या, एक तांब्या आणि हाताने हवा भरायचा दोन लिटरचा छोटा फवारा पंप एवढ्यात चाळीस-पन्नास लिटरमध्ये आठवड्याची धुलाई होते. (शेतातला पंप उचलून आणू नका, तणनाशकाचा अंश रंगालाही नको आणि हातालाही नको.) त्याहून कमी पाण्यात करायचे तर नंतर पाण्याने न धुता वापरायचा शाम्पू मिळतो. आठ-दहा लिटर पाण्यात त्याचे थोडेसे द्रावण, त्यात भिजवलेली सात-आठ मायक्रोफायबर फडकी, आणि प्रत्येक भागाला नवी घडी. चिखलाने माखलेल्या गाडीला हे चालणार नाही, रोजच्या शहरी धुळीला चालते. आणि मधल्या दिवसांत गाडी धुळकट दिसते? दिसू द्या. काचा, आरसे आणि दिवे तेवढे भरपूर पाणी घालून स्वच्छ करा, कारण दिसण्याचा प्रश्न सुरक्षेचा आहे. बाकी बॉनेटवरच्या धुळीने गाडीचे काही बिघडत नाही. बिघडते ते तिला घासल्याने. अपवाद पक्ष्यांच्या विष्ठेचा आणि झाडाच्या चिकाचा. उन्हात ते रंगावर ठसा सोडतात, म्हणून दिसताक्षणी ओले फडके काही मिनिटे वर ठेवून, मऊ झाल्यावर अलगद उचलून घ्यावेत.

धुण्याची पद्धत सोपी आहे. सावलीत, बॉनेट हाताला थंड लागत असताना, आधी नुसत्या पाण्याने सुटी धूळ वरून खाली घालवायची. एका बादलीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधे पाणी. हातमोज्यासारखे मऊ कापड शाम्पूत बुडवायचे, एक भाग पुसायचा, साध्या पाण्यात खळबळायचे आणि मगच पुन्हा शाम्पूत. दारांचा खालचा पट्टा आणि मागचा बंपर शेवटी, कारण खडे तिथेच जास्त असतात. कपड्यांची पावडर वापरू नये. तिच्यातला सोडा वॅक्स खातो. जमिनीवर पडलेले फडके त्या दिवसापुरते बाद. शेवटी कोरड्या, मोठ्या मायक्रोफायबरने पाणी टिपून घ्यावे. हे टिपणे वगळले तर बोअरिंगच्या पाण्याचे क्षार थेंबाथेंबाच्या जागी पांढरे ठिपके होऊन बसतात. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी काटकसरीने गाडीला वापरण्याची पद्धत चांगली, पण त्यात क्षार अधिकच दाटलेले असतात. ते चाके आणि मडगार्डच्या आतल्या चिखलासाठी ठेवावे, शेवटच्या धुण्याला नको.

इथवर जो वेळ वाचला तो चाकांना द्यायचा आहे, आणि खरे तर सुरुवात त्यांच्यापासूनच करायची. अंग धुऊन झाल्यावर चाके घासली तर काळे पाणी स्वच्छ दारांवर उडते. त्यांची बादली वेगळी, ब्रश वेगळा, फडके वेगळे. पुढची चाके मागच्यांपेक्षा काळी का होतात? ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे उघडी डिस्क आणि मागे बंद ड्रम असतो. ड्रमची भुकटी आतच राहते, डिस्कची रिमवर बसते. ही भुकटी साधी धूळ नव्हे. तिच्यात बिडाच्या डिस्कचा आणि ब्रेक पॅडचा कीस असतो. तापलेले लोखंडाचे कण रिमवर चिकटतात, पाणी लागले की तिथेच गंजतात आणि अलॉय व्हीलच्या लाखेत रुतत जातात. आठवड्याच्या आठवड्याला शाम्पूने निघणारी घाण सहा महिन्यांनी कशानेच निघत नाही, ती यामुळे. तेव्हा मग लोखंडाचे कण विरघळवणारे द्रावण आणावे लागते, जे लोखंडाशी संयोग होताच जांभळे होते आणि ज्याचा वास सडक्या अंड्यासारखा येतो. संडास धुण्याचे ॲसिड हा यावरचा स्वस्त उपाय म्हणून सांगितला जातो. त्याने रिम एकदा चमकते खरी, पण लाखेखालचे ॲल्युमिनियम उघडे पडले की ते कायमचे डागाळते.

टायरांच्या बाबतीत तर आपली समजूत पार उलटी आहे. काळाभोर, तेलकट चमकणारा टायर म्हणजे निरोगी टायर, असे आपण मानतो. टायरच्या रबरात ओझोनपासून बचाव करणारी मेणे आणि रसायने कारखान्यातच मिसळलेली असतात. गाडी धावताना रबर लवते तशी ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि हवेने तपकिरी होतात. म्हणजे तो तपकिरी रंग म्हणजे टायर ‘म्हातारा’ झाल्याची खूण नव्हे, तो आपले काम करत असल्याची खूण आहे. गाडी महिनोन्महिने एका जागी उभी राहिली की रबर लवत नाही, हा पुरवठा मंदावतो आणि बाजूला बारीक भेगा पडू लागतात. दोन-तीन आठवड्यांनी कडक ब्रश आणि शाम्पूने टायरची बाजू घासली की पुरे. चमक हवीच असेल तर पाण्यात मिसळलेले ड्रेसिंग, तेही पातळ, आणि जास्तीचे पुसून. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर मात्र थेंबही नको, तिथे ते घसरणीला आमंत्रण आहे. काही वॉशिंग सेंटरांत धुलाईनंतर गाडीच्या खालून डिझेल किंवा जुने ऑइल फवारतात आणि टायरांवरही तोच हात मारतात. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि मऊ पडते. टायरच नव्हे, सस्पेन्शनचे रबरी बुशही त्यात भिजतात. अशा फवारणीला स्पष्ट नाही म्हणावे.

चाके धुतल्यावर एक गोष्ट लक्षात ठेवायची. काही तासांत डिस्कवर नारिंगी गंज दिसेल. तो वरवरचा असतो आणि पहिल्या काही ब्रेकांत निघून जातो. पण ओल्या ब्रेकनिशी हँडब्रेक ओढून गाडी रात्रभर ठेवली तर मागचे ब्रेक ड्रमला चिकटू शकतात. म्हणून धुलाईनंतर सोसायटीभोवती एक फेरी मारून, दोन-चारदा हळू ब्रेक दाबून मगच ती लावावी.

राहिला प्रश्न त्या पहाटेच्या माणसाच्या रोजीरोटीचा. रोजचा फडका बंद करा म्हणणे म्हणजे त्याचे महिन्याचे पैसे तोडणे, असा आक्षेप निघेल, आणि तो रास्त आहे. पण त्याचे पैसे तेवढेच ठेवून कामाची मागणी बदलता येते: आठवड्यातून एकदा दोन बादल्यांची धुलाई आणि चाके, मध्ये एकदा काचा. बादल्या, ब्रश आणि फडकी गाडीवाल्याने द्यायची. त्याचेही रोजचे वीस गाड्यांमागे धावणे कमी होईल. अडचण आपलीच असते. रोज सकाळी पुसलेली गाडी दिसली नाही तर पैसे वाया गेले, असे आपल्याला वाटते.

पुढच्या लेखांकात टायर कधी बदलायचे ते पाहू. त्यासाठी या आठवड्यात चाके घासताना तीन गोष्टी तपासून ठेवा. टायरच्या बाजूला कुठे फुगा किंवा खोल काप आहे का? खाचांच्या तळाशी असलेल्या १.६ मिलिमीटर उंचीच्या रबरी पट्ट्यांच्या पातळीपर्यंत वरचे रबर झिजले आहे का? आणि लंबगोल चौकटीतले चार अंक कोणते? ‘२३१९’ असे असतील तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. कधी हा शिक्का आतल्या बाजूला असतो, तेव्हा वाकून बघावे लागेल. चारही टायरांचे अंक एका कागदावर उतरवून ठेवा; पुढच्या आठवड्यात ते लागतील.