कोयता उचलण्याआधी धोक्याच्या खुणा ओळखा

बीड जिल्ह्यातील भिल्ल आणि पारधी वस्त्यांतली अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली असल्याने बाई गरोदर असली तरी कोयता थांबत नाही. नावनोंदणी गावच्या आशाताईकडे राहते आणि दिवस भरतात दूर कुठेतरी कोपीवर. त्यामुळे धोक्याच्या खुणा तिला व तिच्या सोबतच्यांना निघण्याआधीच माहीत हव्यात.

गरोदरपणात अंगावरून रक्त जाणे, डोके खूप दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहरा व हात सुजणे, झटके येणे, ताप, पोटात असह्य दुखणे, दिवस भरण्याआधी पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे: यातली एक खूण दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा. झटके आल्यावर अंगारा शोधण्यात वेळ जातो. ते बहुधा वाढलेल्या रक्तदाबामुळे येतात. बाळंतपणानंतरचा जास्त रक्तस्राव तर दोन तासांतही जीव घेऊ शकतो.

मातामृत्यूमागे तीन उशीर असतात: निर्णयाला, पोहोचायला आणि उपचार मिळायला. पहिला उशीर आपण वस्तीतच कमी करू शकतो. त्यासाठी भाषण नको. त्यांच्या बोलीत, चित्रे दाखवून बोलावे आणि मग बाईलाच परत सांगायला लावावे. नवरा, सासू आणि टोळीचा मुकादम यांनाही बसवावे, कारण गाडी काढायची की नाही हे तेच ठरवतात. १०८ क्रमांक महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही चालतो. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि ने-आण मोफत आहे. हा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाचा २०११ पासूनचा हक्क आहे. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यायला सांगावे.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाळंतपणाआधी व नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्रहिताचे असल्याचे मांडले. १९२९ चा कायदा कारखान्यातल्या स्त्रियांपुरता आला. फडावरच्या बाईचा मात्र आजही एका दिवसाचा खाडा झाला की पैसे कापले जातात. ही लढाई लांबची आहे. तोवर प्रत्येक कार्यकर्त्याने एवढे करावे: टोळ्या निघण्याआधी आपल्या भागातील गरोदर बायांची यादी आशाताईंसोबत करावी आणि प्रत्येक कोपीत या खुणा जाणणारे किमान दोघे असतील, हे पाहावे.